बाऊलवरची एचची खूण

प्रश्न : मामीनं जाड काचेचा नक्षीदार बाऊल दिलाय, तळाशी तिरक्या चौकोनात एच उमटलाय. अमेरिकन असेल का? - एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, ही खूण ओहायोतल्या हायसी कंपनीची, १८९६ ते १९५७ चालली, लई देखणा माल! पण नुसत्या खुणेवर जाऊ नका, १९५८ला साचे इंपिरियल या दुसऱ्या काच कंपनीनं घेतले आन् पुढं काही वर्षं त्यांच्याही मालावर तीच खूण यायची. नक्षीवरून बोट फिरवा, कडा गोलसर लागल्या आन् साच्याची बारीक उभी रेघ सापडली तर प्रेस्ड, म्हणजे साच्यात दाबून केलेली, कडा टोचल्या तर कट ग्लास, म्हणजे नक्षी कापून काढलेली. काठावर टिचकी मारा, नाद घुमला तर बहुतेक शिशाची काच, १८६४ला स्वस्त सोडा-लाइम, म्हणजे बिनशिशाची काच आली तिचा आवाज बसका. उकळतं पाणी मात्र अजिबात ओतू नका.