कहाणी नको, प्रश्न लिहून द्या

पालकांच्या पत्रपेटीतून

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. बोलत नाही, हवं ते हात धरून नेऊन दाखवतो. मिस्टर चादरीच्या कारखान्यात कामाला आहेत. मी घरी शिवणकाम करायचे, पण मशीनचा आवाज त्याला सहन होत नाही, म्हणून चार वर्षांपासून मशीन झाकूनच ठेवलंय. थेरपीसाठी महिन्यातून दोनदा पुण्याला जातो, त्यात अख्खा दिवस जातो. मध्यंतरी टीव्हीवर ऐकलं की संसदेत ऑटिझमवर प्रश्न विचारला. तिथे विचारून इथे आमच्या घरात काय बदलतं? आणि जी आई दिवसभर त्याच्यामागे असते तिच्याबद्दल कोणी विचारतं का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : तुमच्या झाकून ठेवलेल्या मशीनची ओळ मी दोनदा वाचली. आमच्याकडे मिक्सरचं तसं आहे. धाकटा आता सव्वीस वर्षांचा. इतकी वर्षं चटणी खलबत्त्यात, आणि मिक्सर लावायचाच झाला तर बाबा त्याला गच्चीवर घेऊन जातात, मी खालून वाटण झाल्याची हाक मारते, मग दोघं उतरतात. तुमचं तर मिळकतीचं साधनच झाकलं गेलं. हे नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही, आणि म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी पहिला. तिथे विचारून फरक पडतो, पण फार उशिरा पडतो. धाकटा सात वर्षांचा असताना आम्ही प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात गेलो. तेव्हा १९९५ चा अपंगांचा कायदा होता आणि त्यात स्वमग्नता नव्हतीच. टेबलापलीकडच्या साहेबांनी सांगितलं, "हे यादीत नाही, मतिमंद म्हणून घ्या." घेतलं. दुसरं काय करणार? पुढे २०१४ साली राज्यसभेत नवं विधेयक आलं, ते सामाजिक न्याय खात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं, समितीने तपासून २०१५ मध्ये अहवाल दिला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम मंजूर केला. दिव्यांगत्वाच्या सात प्रकारांचे एकवीस झाले, त्यात स्वमग्नता आली. धाकट्याच्या कार्डावर खरं नाव आलं तेव्हा तो कायद्याने सज्ञान झालेला होता. त्या दिवशीही पाच तास रांग होती, तो कानांवर हात ठेवून फरशीवर आडवा झाला होता, आणि मी त्याच्या डोक्याखाली फाइल ठेवली होती. तरी मी म्हणेन, तो कागद मिळवायलाच हवा होता. तुमच्या मुलाचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी ते करा.

आता सांभाळणाऱ्या माणसाबद्दल. त्याच कायद्याचं कलम २४ बघा. सरकारने सामाजिक सुरक्षेच्या ज्या योजना आखायच्या त्यांच्या यादीत, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. मात्र त्याच कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असेही शब्द आहेत, आणि सगळं अडतं ते तिथे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना किंवा ज्यांना सतत कुणीतरी जवळ लागतं अशांना सांभाळणाऱ्याला तिथे महिना ६०० रुपये धरले आहेत. सहाशे रुपयांत तुमचं शिवणकाम भरून निघणार नाही. पण सांभाळणं हे काम आहे, एवढं तरी त्या सरकारने मान्य केलं. सांभाळणाऱ्या आईबद्दल संसदेत विचारायचं, तर कायद्याचा आधार हाच आहे.

विचारायचं कसं, हे मी स्वतः चुकून शिकले. आमच्या भागातल्या खासदारांना मी पहिलं पत्र लिहिलं ते चार पानी, त्यात जन्मापासूनची सगळी हकिगत. उत्तर आलं, "पत्र मिळाले." दुसऱ्या वेळी आम्ही पाच पालक मिळून गेलो, तर त्यांच्या सहायकांनी शांतपणे सांगितलं, "ताई, कहाणी नको, प्रश्न लिहून द्या. आकडा मागणारा." तेव्हा मनाला लागलं. घरी येऊन विचार केला तर त्यांचं बरोबर होतं.

लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न यादीत येतात, ते अकरा ते बारा या प्रश्नोत्तराच्या तासात. त्यातले थोडेच तोंडी होतात, पण ज्याची पाळी येते त्याच्यावर उपप्रश्न विचारता येतो. याशिवाय दोनशे तीस अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं लेखी येतात. टीव्हीवर दिसतात ते तारांकित. आपल्या कामाचे अतारांकित, कारण त्यात मंत्रालयाला आकडे लिहून द्यावे लागतात, आणि ते उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतं, कोणीही काढून वाचावं. खासदाराला किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. म्हणून पावसाळी अधिवेशनासाठी जूनमध्येच जाऊन भेटा.

आणखी एक गोष्ट फार नीट लक्षात ठेवा. अशा प्रश्नांवर मंत्रालयाकडून पुष्कळदा येणारं उत्तर असं : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीप्रमाणे दिव्यांगांना साहाय्य हा राज्यांचा विषय आहे. मोघम विचारलं की याच उत्तरावर विषय संपतो. म्हणून जे केंद्राचंच आहे तेच विचारायचं. राष्ट्रीय न्यास ही दिव्यांगांसाठीची संस्था केंद्राची, १९९९ च्या कायद्याने झालेली, स्वमग्न मुलं तिच्यात पहिल्यापासून आहेत. तिची निरामय ही आरोग्य विमा योजनाही केंद्राची. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम केंद्राने २०१३ मध्ये सुरू केला, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे अशा मुलांना जिल्ह्यातच थेरपी मिळण्याची ठिकाणं, त्याच्याखालीच येतात. तुम्हाला पुण्याला का जावं लागतं, याचं उत्तर तिथे दडलेलं असू शकतं.

मी तुमच्यासाठी दोन मजकूर लिहून देते, तसेच्या तसे वापरा. पहिला सामाजिक न्याय खात्याला : "निरामय योजनेत सोलापूर जिल्ह्यातील किती स्वमग्न व्यक्तींची नोंद आहे, गेल्या तीन वर्षांत किती दावे आले, किती मंजूर व किती नामंजूर झाले, कलम २४ मधील काळजीवाहू भत्त्यासाठी केंद्राने योजना आखली आहे काय, नसल्यास त्याची कारणे काय?" दुसरा आरोग्य खात्याला : "जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाचा-उपचार व व्यवसायोपचार तज्ज्ञांची मंजूर पदे किती, भरलेली किती, जिल्हावार?" मंजूर आणि भरलेली हे दोन्ही शब्द राहू द्या. एक गाळला तर उत्तर पोकळ येतं.

स्थायी समितीचंही थोडं सांगते. तिच्यात लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा असे एकतीस खासदार, सगळ्या पक्षांचे. बैठका बंद दाराआड असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी आपल्या कानावर काही येत नाही. पण अर्थसंकल्प मांडल्यावर दिव्यांग सक्षमीकरण विभागाने गेल्या वर्षीचा पैसा किती वापरला, किती पडून राहिला, हे समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते आणि अहवाल छापते. सरकारने त्या शिफारशींवर काय केलं हे तीन महिन्यांत कळवायचं असतं. शिफारशी बंधनकारक नाहीत, हे खरं. तरी आमच्या पालकगटात आम्ही दरवर्षी तो अहवाल वाचतो, पेन्सिलने रेघा मारून. खासदारांकडे जाताना त्यातलं पान पुढे ठेवलं की बोलणं वेगळं होतं. आणि खासदार दाद देतच नसतील तर लोकसभेची याचिका समिती आहे. तिथे कोणताही नागरिक याचिका करू शकतो, मात्र ती सभागृहात मांडायला एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि तो सदस्य आपल्याच मतदारसंघाचा असावा अशी अट नाही.

निरामयचं काढलंत का? वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात धरतात, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. पुण्याच्या प्रत्येक खेपेची पावती जपून ठेवा, तारखेसकट. आमच्या कितीतरी पावत्या मी पहिल्या वर्षी फेकल्या, त्याची हळहळ अजून वाटते.

प्रश्न : मी केंद्र सरकारी नोकरीत आहे. मुलगी वीस वर्षांची, स्वमग्न, प्रमाणपत्र साठ टक्क्यांचं. बालसंगोपन रजा मागितली तर कार्यालयात म्हणतात, अठरा पूर्ण झाली, आता मिळणार नाही. हे खरं आहे का?
— वाचक, नागपूर

उत्तर : नाही. केंद्राच्या रजा नियमांतला नियम ४३-सी काढून दाखवा. अठराची अट इतर मुलांसाठी आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी वयाची अट नाही. सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस, त्यातले पहिले ३६५ पूर्ण पगारी, पुढचे ऐंशी टक्के पगारावर. एका वेळी किमान पाच दिवस घ्यावे लागतात आणि वर्षातून जास्तीत जास्त तीनदा, एकल महिलेला सहादा. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजुरी लागते, तेव्हा कारण नीट लिहा : थेरपी, दवाखाना, बदललेली शाळा, जे खरं असेल ते.

अर्जाला शालिनी धर्माणी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा आदेश जोडा. त्या हिमाचल प्रदेशात सरकारी महाविद्यालयात शिकवतात, आणि राज्याच्या नियमांत ही रजा नव्हती म्हणून न्यायालयात गेल्या होत्या. नोकरीत स्त्रियांचा सहभाग ही सवलत नाही, तो घटनात्मक हक्क आहे, असं न्यायालयाने तिथे मांडलं आणि दिव्यांग मुलांच्या आयांच्या रजेचा राज्याने फेरविचार करावा असं सांगितलं. नकार आलाच तर तो लेखी मागा, नियमाच्या उल्लेखासह. आणि मुलीच्या अठरानंतर तुम्ही कायदेशीर पालकत्वाचा अर्ज केलाय का, तेही कळवा. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीकडे तो करता येतो. बँकेत खातं उघडायला गेलात की पहिल्यांदा तोच कागद मागतात.