जाताना साडेपाच तास, येताना साडेतेरा?

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी मे महिन्यात मुंबईहून लंडनला जायचं आहे. माझा पहिलाच विमानप्रवास. तिकिटावर जाताना मुंबई सकाळी ७, लंडन दुपारी १२.३० असं आहे. ऑगस्टमध्ये येताना लंडन रात्री ९, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३०. म्हणजे जायला साडेपाच तास आणि यायला साडेतेरा? आमचे हे म्हणतात, तिकीटच चुकलंय. खरं अंतर नि खरा वेळ किती?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिकीट बरोबर आहे. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची छापतात. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. तुम्ही तिथे दुपारी साडेबाराला उतराल तेव्हा सांगलीत संध्याकाळचे पाच वाजलेले असतील. सात ते पाच, झाले दहा तास. येताना लंडनचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे दीड. तिथून साडेदहापर्यंत नऊ तास. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात, मग फरक साडेपाच तासांचा होतो. लेकीला फोन करताना लक्षात ठेवा.)

आता दहा आणि नऊ का? माझ्या वर्गातली पोरं हमखास सांगायची, ‘बाई, पृथ्वी फिरते म्हणून!’ तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. हा तास वाऱ्याचा आहे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर घेतात. हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो.

अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पण हे कसं मोजलंय ते पाहा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ आखातावरून, इराकवरून जाईल. नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. तो कराचीवरून, इराणवरून, कॉकेशसचे डोंगर आणि काळा समुद्र ओलांडून युक्रेनवर जातो. सर्वांत जवळची वाट ती. वर्गात हा दोरा ताणला की मागच्या बाकावरचेही पुढे यायचे.

विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे वळसा पडतो. ताशी नऊशे किलोमीटरचा वेग धरून तुम्ही आठ तासांचा हिशेब मांडला असेल, तर वरचे दोन तास या वळशात, समोरच्या वाऱ्यात आणि धावपट्टीवर रांगेत जातात. तक्रार करू नका. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत पोहोचलं होतं.

एक विसरू नका. रक्तदाबाची, साखरेची गोळी चालू असेल तर दोन गोळ्यांमधले तास मोजावे लागतात, घड्याळातला आकडा नव्हे. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्या आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा.