ओसरीवर झोपणाऱ्यांना कोणता कायदा लागतो?

प्रश्न : म्हापशाच्या बाजारात आमच्या दुकानांच्या ओसरीवर रात्री सात-आठजण झोपतात. सकाळी दुकान उघडताना रोज वाद. पालिकेकडे जावे की पोलिसांकडे?
– एक दुकानदार, म्हापसा

उत्तर : ओसरी खासगी असेल तर मालक नको म्हणू शकतो. सार्वजनिक वाट असेल तर अडथळा पालिका हटवते, पण माणसांना गाडीत घालून हद्दीबाहेर सोडून येण्याचा अधिकार तिला नाही. नुसते उघड्यावर झोपणे हा गुन्हा नाही. म्हणून मग भीकबंदीचा कायदा पुढे केला जातो. गोव्याचा हा कायदा 1972 चा. दिवसभर हमाली करून रात्री आडवा होणारा माणूस भिकारी नव्हे, तेव्हा तुमच्या सात-आठांतले कामाला किती जातात ते आधी विचारा. दिल्लीतही लागू असलेल्या मुंबईच्या 1959 च्या भीकबंदी कायद्यातली भिकेला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली, पण दिल्लीपुरतीच. गोव्याचा कायदा त्याने हटलेला नाही. त्यातच 2025 मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन भीक मागणे उपद्रवात धरले गेले, दंड एक लाखापर्यंत. ज्याच्याकडे उद्याच्या चहाचे पैसे नाहीत त्याच्याकडून लाख वसूल कोण करणार?

त्यांच्यात कोणी स्वतःशीच बडबडत, जखमा घेऊन फिरत असेल तर कायदा अगदी स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 100. अशा माणसाला संरक्षणात घेणे हे पोलीस स्थानकाच्या प्रमुखाचे काम. कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे लागते आणि बेपत्ता व्यक्तीची नोंदही करावी लागते. 112 वर कळवताना कलमाचा उल्लेख करा. मानसोपचाराचे सरकारी रुग्णालय बांबोळीला आहे. म्हाताऱ्या माणसासाठी 14567, मूल एकटे असेल तर 1098.

एक करू नका : गाठोडे कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. आधार कार्ड, औषधाची चिठ्ठी, बँकेचे पुस्तक त्यातच असते. ते गेले की पेन्शन अडते, इस्पितळात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि माणूस आणखी काही महिने तुमच्याच ओसरीवर.

प्रश्न : अमेरिकेत म्हणे बाहेर झोपणाऱ्याला दंड करतात. मग आपल्याकडे का नको?
– वाचक, मडगाव

उत्तर : करतात. ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या छोट्या शहराचा दंड 295 डॉलरचा होता. 28 जून 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी तो वैध ठरवला. आपल्याकडे वाट वेगळी आहे. फुटपाथवर राहणाऱ्यांचा उपजीविकेचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच मान्य केला. 2013 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा निवारा, माणशी 50 चौरस फूट जागा असे माप घालून दिले होते.

गोव्याची अडचण या मापातच आहे. 2011 च्या जनगणनेत एकाही पालिकेची लोकसंख्या लाखापर्यंत गेली नव्हती, सर्वांत मोठ्या मुरगावचीसुद्धा नाही. तेव्हा नगरसेवकाकडे मागणी करायची ती दोन-तीन पालिकांनी मिळून निवारा उभारण्याची, आणि त्याआधी रात्री अकरानंतर डोकी मोजण्याची. दुपारी मोजले तर बसस्थानकावर कोणीच सापडत नाही. मतदारयादीत हे तत्त्व कधीच मान्य झाले आहे : बेघर माणसाने मतदार नोंदणीचा नमुना 6 भरला की तो खरोखर तिथे झोपतो का, हे बघायला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्रीच जातो, पत्त्याचा कागद मागत नाही.