नसलेली माणसे दिसतात, म्हणजे वेड लागले का?

मॅक्युलर डिजनरेशनमुळे (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याच्या आजारामुळे) दृष्टी अधू झालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिल्याच भेटीत मला हा प्रश्न अगदी हळू आवाजात विचारला, कारण मुलगा बाहेर बसला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांना भिंतीलगत लाल फेटे बांधलेली बोटभर उंचीची माणसे दिसत, ती काहीही बोलत नसत, आणि ती खरी नाहीत हे बाईंना पक्के ठाऊक होते. तरीही खुर्चीवर बसण्याआधी ती रिकामी आहे ना, हे त्या हाताने चाचपून पाहत.

हे वेड नव्हे. जिनिव्हाचे अभ्यासक शार्ल बोने यांनी मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेल्या आपल्या आजोबांचे असेच अनुभव १७६० मध्ये नोंदवले होते आणि या अवस्थेला बोने यांचेच नाव मिळाले आहे: शार्ल बोने सिंड्रोम. डोळ्यांकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वतःच चित्रे निर्माण करू लागतो. मात्र आवाजही ऐकू येत असतील, दिसते ते खरेच वाटत असेल किंवा विसरभोळेपणा वाढत असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायलाच हवी. बाईंची ती झाली होती.

दिवा लावणे, मान न हलवता नजर डावी-उजवीकडे फिरवणे, उठून जागा बदलणे, हे उपाय त्यांना थोडे उपयोगी पडले. पण खरे नुकसान वेगळेच होते. नातवासमोर आपण भलतीकडे पाहत राहू या धास्तीने त्यांनी त्याला शिकवणेच बंद केले होते. घरचे रोज “आज किती वेळा दिसले?” असे विचारत, या हिशेबाने भीतीच वाढते, असे माझे मत आहे. मी विचारले, “वर्गात तुम्ही कशा होतात?” त्या लगेच म्हणाल्या, “मूल अडले तर उत्तर सांगत नसे. थांबत असे.” हे थांबणे दृष्टीवर अवलंबून नव्हते. दृश्ये जाण्याची वाट न पाहता, ती असतानाच रोज वीस मिनिटे नातवाला दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, शिकवायची, असे आम्ही ठरवले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितले, की शिकवताना फेटेवाले नातवाच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी नजर दोनदा फिरवली, तरी ते गेले नाहीत. नातू “सात दिडके” पाशी अडला होता. बाई थांबल्या, आणि बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “साडेदहा.”