शोषखड्डा सहा महिन्यांत तुंबला. आता मोरीचं पाणी कुठे सोडू?

तुम्ही लिहिलंय की काळ्या जमिनीत 3 × 3 × 3 फुटांचा खड्डा घेतला, त्यात विटांचे तुकडे आणि वर वाळू भरली, घरात पाच माणसं, आणि आता पाणी वर येऊन गल्लीत वाहतंय. नुसता खड्डा उपसून पुन्हा भरू नका, परत तेच होईल.

आधी हिशोब बघू. पाच माणसांचं अंघोळ, धुणं-भांडी मिळून दिवसाला 200 लिटर तरी पाणी निघतं. ते मुरतं मुख्यतः खड्ड्याच्या बाजूंतून, कारण तळ गाळाने लवकर बुजतो. तुमच्या चार बाजू मिळून 36 चौरस फूट, म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. चिकण काळी माती एका चौरस मीटरला दिवसाला 10 लिटरच्या आसपास पाणी घेते. म्हणजे जिरणार 30-35 लिटर, बाकीचं गल्लीत. मुरूम याच्या तिप्पट सहज घेतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जा. 4 × 4 × 6 फुटांचा खड्डा पूर्ण मुरमात असेल तर पाच माणसांचं पाणी आरामात जिरतं. वरचे तीन फूट काळी माती असेल तर ती हिशोबात धरू नका, लांबी वाढवा. घराच्या भिंतीपासून 10 फूट आणि विहीर-बोअरपासून निदान 50 फूट लांब राहा. पावसाळ्यात खड्ड्यात खालून पाणी येत असेल तर तिथे शोषखड्डा करूच नका.

दुसरी चूक भरावाची. वाळूने पोकळी राहत नाही, आणि साबणाचा साका व खरकट्याचं तेल तिच्यात अडकून वर चिकट थर बसतो. नांदेड पॅटर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मॅजिक पिटमध्ये खड्ड्याच्या मधोमध सिमेंटची टाकी ठेवतात. टाकीच्या वरच्या भागात भोकं असतात. गाळ टाकीत खाली बसतो, भोकांतून बाहेर पडतं ते बऱ्यापैकी निवळलेलं पाणी. टाकीभोवती खाली मोठे दगड, वर लहान. त्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून मग माती. गोण्या विसरलात तर पहिल्याच पावसात माती दगडांत उतरते. टाकीचं झाकण उघडता आलं पाहिजे, पण फट नको, डास होतात. गाळ भोकांच्या जवळ आला की उपसायचा. हे कुणी करत नाही, आणि मग खड्ड्याला दोष देतात.

भांड्यांच्या मोरीचं पाणी थेट खड्ड्यात नकोच. वाटेत 40-50 लिटरचा ड्रम बसवा. बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावून त्याचं खालचं तोंड तळापासून वीतभर वर ठेवा. तेल वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं आणि मधलं पाणी बाहेर पडतं. आठवड्याला वरचा थर काढून राखेत कालवून उकिरड्यात पुरा. पाइपला 10 फुटांमागे अडीच इंच उतार द्या.

ड्रमनंतरचं पाणी परसात वापरता येतं, आणि माझ्या मते जागा असेल तर तेच करावं. दीड-दोन फूट खोल, तीनेक फूट रुंद आळं घेऊन त्यात पालापाचोळा भरा, कडेने तीन-चार केळी, मध्ये अळू किंवा कर्दळ. पाणी पाचोळ्याखालून सोडा, उघडं साचलं तर वास येतो. साठवूनही ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सडतं. कोथिंबीर, मेथी, मुळा यांना हे पाणी घालू नका. धुण्याच्या पावडरीत सोडियम बरंच असतं, त्याने काळी माती आणखी घट्ट होते आणि पाणी वरच राहतं. म्हणून कपडे पहिल्यांदा पिळलेलं पाणी खड्ड्यात आणि विसळलेलं केळीला, अशी पाइपला दोन तोंडं करा. पावसाळ्यात केळीचं तोंड बंद.

संडासाच्या टाकीचं पाणी यातल्या कशातच जोडू नका, आळ्यात तर अजिबात नाही.