इसार की नुसता ॲडव्हान्स?

प्रश्न : भोसरीत माझं प्लास्टिकचे डबे बनवण्याचं वर्कशॉप आहे. चीनमधल्या निंगबोच्या एका कंपनीकडून इंजेक्शन मोल्डिंग मशीन घेतोय. ३० टक्के आगाऊ, उरलेले माल जहाजात चढण्याआधी. त्यांनी इंग्रजीत दोन पानी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल, पाठवलंय. त्यात 'वाद झाल्यास पुणे न्यायालय' एवढं घातलं की झालं, असं आमचे सीए म्हणतात. खरं का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : सीएंना माझा नमस्कार सांगा आणि ते वाक्य खोडा. पुण्यात दावा तुम्ही जिंकाल, कदाचित एकतर्फीच. पण तो हुकूमनामा निंगबोला नेऊन वसुली होत नाही. एकमेकांच्या कोर्टांचे निकाल बजावण्याचा करार भारत-चीनमध्ये नाही. लवादाच्या, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या खासगी पंचाच्या, निवाड्याचं तसं नाही. असे निवाडे एकमेकांकडे बजावण्याच्या १९५८च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत. मोठ्या सौद्याला हाँगकाँग किंवा सिंगापूरचा लवाद घ्यावा. एका मशीनसाठी मात्र त्याचा खर्च परवडायचा नाही. मी तर निंगबोचंच कोर्ट लिहून घ्या म्हणेन. उलटं वाटेल, पण विक्रेत्याचं बँक खातं तिथे आहे, आणि ते गोठवण्याचा आदेश तिथलं कोर्ट देऊ शकतं. कामकाज चिनी भाषेत चालतं, म्हणून करारही चिनीत हवा. शेजारी इंग्रजी असू द्या. भाषांतर तपासणारा माणूस मात्र तुमचा हवा, त्यांचा नको.

हे मी पैसे घालवून शिकलो. २०१४मध्ये एका पुरवठादाराला मी 'डिपॉझिट' दिलं आणि माल आलाच नाही. चिनीत 'दिंगजिन' असे दोन शब्द आहेत. उच्चार एकच, पहिलं अक्षर वेगळं. एक म्हणजे आपला इसार : घेणाऱ्याने सौदा मोडला तर तो बुडतो, विकणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत. दुसरा म्हणजे साधा ॲडव्हान्स. माझ्या कागदावर दुसरा होता. दुप्पट सोडाच, मुद्दल सुटायला सात महिने गेले. तुमच्या करारात पहिला शब्द अक्षर ताडून घाला. इसाराचा नियम एकूण किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच लागतो. त्यामुळे ३०पैकी २० इसार, १० ॲडव्हान्स, असं वेगळं लिहा.

कंपनीचं इंग्रजी नाव पाटीपुरतं असतं. कायद्याला ओळखीचं नाव चिनी. बिझनेस लायसन्सची प्रत मागवा, त्यावरचा १८ अंकी-अक्षरी क्रमांक करारात घाला आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात पाठवा. सेल्सवाल्या पोरीच्या नुसत्या सहीवर समाधान मानू नका. मधोमध तारा असलेला गोल लाल शिक्का हवा, आणि शिक्क्यातलं नाव लायसन्सवरच्या नावाशी जुळायला हवं.

राहिले ७० टक्के. पंप आणि सर्वो मोटर कोणत्या मेकची, हे करारातच लिहून घ्या. नंतर ऑपरेटरला निंगबोला पाठवा. ट्रायल रन त्याच्यासमोर होऊ द्या, पंप आणि मोटरच्या पाट्या त्याने कराराशी ताडून पाहू द्यात. त्याचा फोन आल्यावरच बँकेत जा.