बायकोचे पैसे तिच्या माहेरी जातात, आणि मला कुणी विचारत नाही

प्रिय ताई,

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आजोबा लालबागच्या गिरणीत होते, वडील शाळामास्तर झाले, मी इंजिनिअर होऊन अमेरिकेत आलो. सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीत राहतो. सहा वर्षांपूर्वी लग्न झालं. बायको फिलिपिन्समधल्या इलोइलोची, इथल्या एका हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स. स्वभावानं फार चांगली. माझी आई राहायला आली तेव्हा सुक्या मासळीवरून दोघींची गट्टी जमली.

पैशांवरून मात्र आमचं बिनसतं. दरमहा १,२०० डॉलर ती घरी पाठवते. भाचीची नर्सिंगची फी, वडिलांची औषधं, घराचं छप्पर, काही ना काही निघतंच. हॉलच्या कोपऱ्यात वर्षभर एक भलामोठा खोका उघडा पडलेला असतो. साबण, टूथपेस्ट, कॉर्न्ड बीफचे डबे, बूट, टॉवेल त्यात भरत राहते, भरला की बोटीनं रवाना करते आणि नवा आणते. हे सगळं भागवायला जादा पाळ्या घेते. गेल्या महिन्यात कळलं की घर घेण्यासाठी आम्ही साठवलेल्या पैशांतले ६,००० डॉलर तिनं मला न विचारता भावाला दिले, मासेमारीच्या बोटीच्या इंजिनासाठी. मी म्हणालो, "तुझ्या घरच्यांसाठी तू एटीएम आहेस." तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. विचारलं तर म्हणते, "तुला नाही कळणार."

आईला मीही दरमहा पैसे पाठवतो, पण ते वेगळं, ती आता एकटी आहे. आमच्या घरात कुणी कुणाच्या पैशांवर वर आलं नाही. आम्ही खाती वेगळी करावीत का?

एक वाचक, डेली सिटी

*

खात्यांचं शेवटी सांगते. आधी त्या ६,००० डॉलरचं, कारण तिथं तुमची बाजू बरोबर आहे. दोघांनी मिळून घरासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला एकानं परस्पर हात लावायचा नसतो, मग कारण कितीही रास्त असो. कॅलिफोर्नियाचा कायदाही असाच आहे. लग्नानंतरची कमाई कुणाचीही असली तरी ती दोघांची, आणि त्यातून कुणाला काही देऊन टाकायचं तर जोडीदाराची लेखी संमती हवी. तुमच्या पत्नीनं मला लिहिलं असतं तर तिलाही मी हेच सांगितलं असतं. पण हा कायदा घरात तिच्यासमोर काढू नका. तुम्ही आईला पाठवता तेही त्याच कमाईतून जातं, आणि 'ते वेगळं' हा भेद कायदा करत नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी परत परत वाचलं. तुमच्या घरात कुणी कुणाच्या पैशांवर वर आलं नाही? अहो, आजोबा लालबागच्या गिरणीत आणि घर रत्नागिरीत, मग तुमचे वडील शिकले ते कशावर? गिरणगावातल्या एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसं पाळीपाळीनं झोपायची, खानावळीत जेवायची, आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर कोकणातल्या वाड्या उभ्या राहायच्या. पोस्टमन येऊन गेला की वाण्याची उधारी फिटायची, शाळेची फी भरली जायची, पावसाआधी घर शाकारून व्हायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा मुंबईइतक्याच तिकडच्या चुलीही अडल्या. तुमच्या वडिलांची मास्तरकी त्या मनीऑर्डरींतून आली असणार, आणि तुमची इंजिनिअरिंगची पदवी त्या मास्तरकीतून. आईला विचारून बघा. गावचे लोक तुमच्याकडे पैशाची पेटी म्हणून बघतात, असं आजोबांना त्यांच्याच घरातल्या कुणी ऐकवलं असतं तर त्या माणसाला काय वाटलं असतं?

तुमची पत्नी आज त्यांच्या जागी उभी आहे. हे तुम्हाला एकदा आतून पटलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतील, म्हणून त्यावर इतकं बोलले.

आता तिच्या बाजूचं थोडं, कारण सहा वर्षांत तुमच्यात याविषयी नीट बोलणं झालेलं दिसत नाही. इलोइलोची मुलगी नर्स होते आणि कॅलिफोर्नियात येते, यामागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. १८९८ मध्ये अमेरिकेनं स्पेनकडून फिलिपिन्स घेतलं. १९०६ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी नर्सिंगची शाळा काढली ती तिच्याच इलोइलोत. शिक्षण इंग्रजीतून, अभ्यासक्रम अमेरिकन धाटणीचा. १९४८ नंतर 'एक्स्चेंज व्हिजिटर प्रोग्रॅम' या अमेरिकन योजनेतून तिथल्या नर्सेस अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत येऊ लागल्या, १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं कायमचं राहण्याची वाट मोकळी केली. १९७४ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीत माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारचं धोरणच झालं. आज परदेशातले फिलिपिनो वर्षाला ३० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी धाडतात, आणि त्यातला सगळ्यांत मोठा वाटा अमेरिकेतून जातो. म्हणजे तुमच्या बायकोचे १,२०० डॉलर हा तिच्या एकटीचा भाबडेपणा नाही. तो देश असाच चालत आला आहे. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. ज्या सरकारांनी आपल्या मुलींना परदेशी कामाला लावून त्यांच्या पैशांवर घरखर्च भागवला, त्यांच्यावर माझा राग आहे. पण त्या मुलींवर नाही.

तिच्या शिक्षणाचे पैसे कुणी भरले हे तुम्ही कधी विचारलं आहे का? तिकडच्या कितीतरी घरांत मुलीला नर्स करायला शेत गहाण पडतं, नाहीतर आखातात घरकाम करणारी एखादी मावशी फी भरते. पदवी मिळाली तरी अनुभवाच्या दाखल्यासाठी अनेकींनी पगाराशिवाय काम केलं आहे, काहींनी तर हॉस्पिटललाच पैसे भरले आहेत. मग अमेरिकेची परीक्षा, मग व्हिसाची वाट. त्या सगळ्या काळात तिला जेवूखाऊ घालणारं कुणीतरी असतं. ते ऋण बँकेच्या कर्जासारखं हप्ते भरून मिटत नाही. ते पुढच्याला शिकवून फेडायचं असतं. म्हणून भाची नर्सिंगलाच आहे.

आणि तिथं नाही म्हणणं फार कठीण असतं. परदेशी जाऊन माणसं विसरली, उपकारांची जाण नाही, लाज नाही, असं कुणी म्हणावं याची धास्ती तिच्यासारख्यांच्या मनात कायम असते. इथलं भाडं किती, कर किती कापला जातो, बारा तासांच्या रात्रपाळीनंतर पाय कसे ठणकतात, हे ती फोनवर सांगत नसणार. सांगितलं तर वडील काळजी करतील, आणि शिवाय ते रडगाणं वाटेल. त्यामुळे तिकडच्यांना फक्त डॉलर दिसतात. भावाला इथं बोलावून घ्यावं म्हटलं तर नागरिक झाल्यावर अर्ज करता येतो, पण फिलिपिन्समधल्या भावंडांना नंबर लागायला वीस वर्षांहून जास्त वाट बघावी लागते. बोलावता येत नाही, दरवर्षी जाता येत नाही, राहतं ते पाठवणं. इंजिनाचे पैसे मागायला भावाचा फोन आला तेव्हा ती दोन माणसांच्या कात्रीत सापडली. भावाला नाही म्हणवेना, आणि तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक. म्हणून तिनं लपवलं. चूक ती चूकच, पण ती कुठून आली ते कळलं तर तिच्यावर तोडगा निघेल.

आता काय करायचं ते सांगते.

एटीएमच्या वाक्याची माफी आधी मागा. हिशोबाच्या बोलण्यात नको, स्वतंत्र, आणि त्यात 'पण' येऊ देऊ नका. परदेशी काम करणाऱ्या फिलिपिनो बायका फार थकल्या की हा शब्द आपापसांत स्वतःविषयी वापरतात. नवऱ्याच्या तोंडून तो ऐकणं वेगळं. आजोबांचं मी वर लिहिलं ते तिला सांगा, किंवा आणखी चांगलं, आईला सांगायला लावा. त्या दोघींचं जमतं, आणि हे बोलणं आईच्या तोंडून तिला जास्त पटेल.

मग तिच्या सुट्टीच्या दिवशी, रात्रपाळी करून आलेल्या सकाळी नव्हे, दोघं कागद घेऊन बसा. दरमहाची रक्कम कायम ठरवा. मी तुमच्या जागी असते तर १,२०० मधला एक डॉलरही कमी करायला सांगितलं नसतं. कॅलिफोर्नियात अनुभवी नर्सचा पगार चांगला असतो, तेवढं झेपतं. भाचीच्या फीचा हिशोब त्यातून वेगळा काढा. तिकडे नर्सिंगची पदवी चार वर्षांची असते, तेव्हा ती कधी संपते ते लिहून ठेवा, फी थेट कॉलेजला भरा, आणि संपल्यावर त्या पैशांचं काय करायचं हे आत्ताच बोलून घ्या. नाहीतर तिच्यामागे दुसरा भाचा उभा राहील आणि पुन्हा तुम्हाला गृहीत धरलं असं वाटेल. तिसरी रक्कम संकटासाठी. तिथं वादळं नेहमीची. २०१३ च्या नोव्हेंबरमधलं हैयान, ज्याला ते लोक योलांडा म्हणतात, उत्तर इलोइलोच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कोळ्यांच्या होड्यांचा चुराडा झाला. बोटीचं इंजिन तुम्हाला चैन वाटलं असेल तर कोकणातला माणूस असून असं कसं वाटलं, एवढंच विचारते. तुमच्या आळीत कुणाचं इंजिन बंद पडलं तर त्या घरात काय होतं ते तुम्ही पाहिलेलं असणार.

यावर जे काही असेल ते दोघांनी ठरवायचं. आणि इथं तुम्हाला एक गोष्ट मनापासून करायला सांगते. कुणाचा फोन आला की तिला म्हणता येऊ दे, "आम्ही दोघं ठरवून सांगतो." नाही म्हणायचं झालं तर ते तुमच्या नावावर जाऊ दे. तिकडे काही दिवस तुम्हाला कडक जावई म्हणतील. म्हणू देत. तिला जे जमत नाही ते तुम्ही तिच्यासाठी करताय, हे ती विसरणार नाही. भावाचे ६,००० मात्र दिले असंच समजा. परतफेडीची तारीख मागत बसलात तर ना पैसे येतील ना माणसं राहतील.

खोक्याला हात लावू नका. म्हणजे हलवू नका, काही टाकायला जरूर लावा. बोटीच्या खोक्याला वजनावर नाही, नगावर पैसे पडतात, म्हणून ती जागा मिळेल तिथं साबण कोंबत असेल. त्यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावाची आहे. कुणाची कोणती ते तिला विचारा. सहा वर्षांनी निदान सगळ्यांची नावं तरी पाठ हवीत.

तुम्ही इलोइलोला गेल्याचं पत्रात कुठं आलं नाही. गेला नसाल तर जा. पहिल्यांदा डिसेंबरात नको. तिकडचा ख्रिसमस सप्टेंबरपासूनच सुरू होतो, आणि परदेशाहून आलेल्या माणसाच्या दारात धर्ममुलांसह, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांचं पालकत्व मानलं त्या मुलांसह, सगळं गाव भेटीच्या आशेनं येतं. तुम्हाला पुन्हा पैसेच दिसतील. एरवी जा. सासऱ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावा, ती तिथली नमस्काराची रीत आहे. ज्या छपराचे पैसे गेले त्याखाली झोपा, भावाबरोबर बोटीवर जा. आज तुम्हाला बाहेरचं वाटतंय, कारण त्या घरात तुमची हजेरी फक्त बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे.

एका गोष्टीची काळजी मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते, आणि तुमच्या पत्रात ती जाता जाता आली आहे. जादा पाळ्या. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के, पण कोविडच्या पहिल्या सहा-सात महिन्यांत तिथं ज्या नर्सेस दगावल्या त्यांत जवळजवळ एक तृतीयांश फिलिपिनो होत्या. नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेनं तेव्हा काढलेला आकडा आहे हा. अतिदक्षता विभागात, जनरल वॉर्डात, जिथं कष्ट जास्त तिथं त्या होत्या. तुमची पत्नी तेव्हा नोकरीत असेल तर तिनं ओळखीची माणसं जाताना पाहिली असतील. रुग्णांना उचलून उचलून पाठ जाते, रात्रपाळीनं झोप जाते. घरच्यांना देता देता अशा बायकांच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी काही उरत नाही, ही माझी खरी भीती. हॉस्पिटलच्या निवृत्ती योजनेत ती किती भरते, हॉस्पिटल त्यात भर घालतं का, ते या आठवड्यात बघा. भाऊ, भाची, घर, सगळ्यांच्या आधी ते. आणि जादा पाळ्या महिन्यात किती, याचा आकडा त्या कागदावर लिहा. तो तिच्याकडून कमी करून घ्या, भले घर वर्षभर उशिरा होऊ दे.

आता खाती. पूर्ण वेगळी करू नका. एक सामाईक ठेवा, त्यात दोघांनी पगाराच्या ठरावीक टक्क्यांनी भरायचं. घरखर्च आणि घराची बचत त्यातून. उरलेलं आपापल्या खात्यात. तुमच्या आईचे पैसे तुमच्या खात्यातून, तिच्या वडिलांचे तिच्या. त्या दोन खात्यांचा हिशोब एकमेकांना मागायचा नाही, आणि सामाईक खात्यातून न विचारता काढायचं नाही. हे दोन नियम तुमच्यासाठीही आहेत.